याले कान कोठे शेतस?

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी मोठी माय भाच्याच्या शेडमध्ये आली. माझ्या बहिणीची सासू, वय ऐंशीच्या पुढे. आदल्या दिवशीच्या आमरसाचं आणि पुरणाचं जडपण अजून सगळ्यांच्या अंगात होतं, बाहेर कडुनिंबाच्या झोक्यावर पोरींचा गलका चालू होता आणि ती काठी टेकत टेकत, पदराने मानेवरचा घाम पुसत, एकटीच शेताच्या बांधाने चालत आली होती. शेडच्या चौकटीला हात लावून ती बराच वेळ त्या पांढऱ्या विमानाकडे बघत राहिली. मग आत आली. नाकापासून शेपटीपर्यंत गेली, दुसऱ्या बाजूने परत नाकापर्यंत आली. पंखाखाली वाकून पाहिलं, चाकाला काठीचं टोक लावून पाहिलं. बैलबाजारात जोडी बघायला गेलेला जुना शेतकरी असाच फिरतो, काही न बोलता, आणि बैलाच्या मालकाचा जीव टांगणीला लागतो. भाचा तसाच उभा होता, हाताला चिकटलेलं रेझिन नखाने सोलत.

"भाऊ," ती त्याच्याकडे न बघता माझ्याकडे बघून अहिराणीत म्हणाली, "याले कान कोठे शेतस?" याला कान कुठे आहेत?

मी म्हटलं, "शेपूटमा शेतस, मोठी माय. मझारमा. दखात नही." शेपटीत आहेत, आत, दिसत नाहीत.

"शेपूटमा कान?" ती म्हणाली. "मंग आयकस कसा तो?"

मी हसलो, भाचाही हसला. कान तर होते. दहा-बारा दिवसांपूर्वी मीच ते माझ्या हाताने बसवले होते. पण ती निघून गेल्यावर, शेड बंद करून मोटारसायकलवर अमळनेरला परतताना, तिचा प्रश्न डोक्यातून जाईना. चाळीसेक वर्षं मी रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त करतोय. त्याआधी तीस वर्षं माझे वडील, आप्पा, त्याच दुकानात तेच करत होते. ऐकणारी वस्तू ऐकते कशाने, हे बोट ठेवून दाखवता येतं, हीच आमच्या घराची भाकर. आणि एका म्हातारीने सरळ विचारलं तेव्हा मला बोट ठेवायला जागा नव्हती.

विमान भाच्याचं आहे. तो जळगावला पाइपांच्या कारखान्यात इंजिनिअर आहे, शनिवार-रविवार आणि झाडून सगळ्या सुट्ट्या शेतातल्या शेडमध्ये काढतो. सहा वर्षं झाली. दोन माणसं बसतील एवढं छोटं विमान, फोमचा गाभा आणि त्यावर काचेच्या धाग्याचं कापड इपॉक्सी रेझिनमध्ये, म्हणजे कडक होणाऱ्या चिकट द्रवात, भिजवून चढवलेलं. घरी विमान बांधणं म्हणजे काय, हे आता आमच्या भागात फार समजावून सांगावं लागत नाही. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या गच्चीवर बांधलेलं सहा आसनांचं विमान २०१६ साली मुंबईतल्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी पाहिलं आणि २०२० साली ते आमच्याच धुळ्याच्या धावपट्टीवरून उडालं. त्या दिवसांत भाच्याच्या मोबाइलवर तेवढंच एक चित्र असायचं. भाच्याच्या विमानाच्या कागदपत्रांचं काम अजून चालू आहे, इंजिन बसायचं आहे. ते उडेल तेव्हा उडेल. पण एक दिवस तो दुकानात येऊन स्टुलावर बसला आणि म्हणाला, "मामा, रेडिओची अँटेना मला बाहेर नको. आत लपवायची आहे. जमेल?"

जमेल म्हणालो. पण मनात काहीतरी अडकलं, कारण आमच्या घरात अँटेना लपवण्याची वस्तू कधीच नव्हती.

आप्पा ‘एरियल’ म्हणायचे. गिऱ्हाइकाने नवा रेडिओ घेतला की आप्पा सायकलच्या कॅरियरला दोन बांबू आडवे बांधून निघत, मी मागे तांब्याच्या जाळीच्या पट्टीचं भेंडोळं गळ्यात घालून पळत असे. धाब्याच्या घराच्या दोन टोकांना बांबू उभे करायचे, त्यांना चिनी मातीचे पांढरे अंड्याएवढे मणी बांधायचे आणि त्या मण्यांच्या मध्ये ती पट्टी ताणायची. एका टोकाकडून तार खिडकीतून आत. वाटेत लाकडी पाटीवर पितळेचा चाकूसारखा स्विच, पावसाळ्यात वीज कडाडायला लागली की एरियल जमिनीला जोडण्यासाठी. जमिनीतला खड्डा कोळसा आणि मीठ घालून बुजवायचा. हे सगळं झालं की आप्पा रेडिओ लावत, तर्जनी जिभेला लावून ओली करत आणि एरियलच्या टोकावर टेकवत. स्पीकरमधून खर्रर्र असा आवाज यायचा. "ऐकतोय," आप्पा म्हणत. तोवर गल्ली जमलेली असायची. मग सुई फिरवत फिरवत सिलोन लागायचं, समुद्राच्या लाटेसारखं जवळ येणारं, लांब जाणारं.

कुणी हौशी गिऱ्हाईक म्हणायचं, गच्चीवर ते बरं दिसत नाही, माळ्यावर आतून ताणा. आप्पा ऐकत नसत. "एरियल दिसलं पाहिजे," ते म्हणत. "कावळा बसला तरी कळलं पाहिजे." त्यांच्या मते दहातले सात बिघाड डब्यात नसतातच, एरियलमध्ये असतात. तार तुटते, जोड गंजतो, पतंगाचा मांजा अडकतो, शेजारी त्यावर धोतर वाळत घालतो. बिघाड व्हायचाच, तर तो खालून मान वर करून दिसेल अशा जागी व्हावा. मी हे इतक्या वेळा ऐकलंय की माझ्या दुकानात येणाऱ्यांना मीही हेच सांगत आलो.

नंतर टीव्हीच्या काड्या आल्या. लांब रिले केंद्राकडे तोंड करून वीस-वीस फुटी पाइपांवर. संध्याकाळी बोरी नदीच्या पुलावर उभं राहिलं की सगळं गाव त्या काड्यांनी भरलेलं दिसायचं, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला, पेरलेल्या ओळीसारखी. गच्चीवर एक पोरगा पाइप फिरवतोय, जिन्यात एक उभा, टीव्हीसमोर एक. "आलं का?" "नाही!" "आता?" "आलं, आलं! गेलं!" ती हाक तीन मजले चढायची आणि उतरायची. मग डिश आली, केबल आली. पहिल्या मोबाइलांच्या डोक्यावर एक काळं बोंड असायचं, तेही एक दिवस आत गेलं. कधी गेलं ते कुणालाच कळलं नाही. गच्चीवरच्या काड्या ॲल्युमिनियमच्या भावाने भंगारात गेल्या, त्यातल्या कितीतरी माझ्याच हाताने मी काढून दिल्या. आता माणसाच्या खिशात पाच-सहा अँटेना असतात आणि एकही दिसत नाही.

तर विमानाची अँटेना. भाच्याने दिलेलं कारण वाऱ्याचं होतं. बाहेर काडी आली की ती वारा अडवते, लहान इंजिनाच्या विमानाला तेवढाही अडथळा नको. कारण खरं आहे. पण त्याच्या डोळ्यांत दुसरं कारणही दिसत होतं. सहा वर्षं पॉलिश पेपरने घासून त्याने ते अंग असं गुळगुळीत केलं होतं की त्यावर भोक पाडायची कल्पना त्याला सोसत नव्हती. हेही मला कळतं. आप्पांनी एका व्हॉल्व्ह-रेडिओच्या सागवानी पेटीला चरा पडला म्हणून एक अख्खी रात्र लाख आणि स्पिरिट घेऊन काढलेली मी पाहिली आहे.

आणि काचेच्या विमानात ते शक्यही आहे. पत्र्याच्या विमानात अँटेना बाहेरच हवी, कारण धातूतून रेडिओची लहर जात नाही. लहानपणी आप्पा आम्हाला एक खेळ करून दाखवायचे. चालू ट्रान्झिस्टर ज्वारीच्या पत्र्याच्या कोठीत ठेवायचा आणि झाकण लावायचं. गाणं बुजत बुजत खरखर व्हायची आणि मग तीही जायची. झाकण काढलं की गाणं पुढच्या ओळीवर पोचलेलं. काचेच्या कापडाला मात्र लहर जुमानत नाही, खिडकीतून ऊन यावं तशी आत येते. लाकडाचंही तसंच. अमेरिकेत बर्ट रुटान यांनी १९७५ साली व्हॅरीईझी नावाचं फोम आणि फायबरग्लासचं छोटं विमान उडवलं. नकाशे घेऊन घरच्या घरी लोकांनी तसली विमानं बांधली. त्यांच्यासाठी जिम वेयर नावाच्या रेडिओवाल्याने युक्ती काढली, की बाजारातली चिकट तांब्याची पट्टी घ्या, फोमवर चिकटवा, वरून काच चढवा, झाली अँटेना. अर्धा इंच रुंदीची पट्टी, रंगीत काचकाम करणाऱ्यांच्या किंवा बागवाल्याच्या दुकानातही मिळावी इतकी साधी. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा आमच्या जाळीच्या पट्टीची आठवण झाली. तांबं तेच, फक्त आकाशात ताणायच्या ऐवजी पोटात.

विमानातलं बोलणं ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं. मधला आकडा १२७ धरला तर एक लहर साधारण २ मीटर ३६ सेंटीमीटर लांब. तिच्या अर्ध्याएवढी अँटेना लागते, म्हणजे मध्यावर तार जोडायची आणि वर-खाली दोन सारखे हात, हिशेबाने ५९ सेंटीमीटरचे. पण पट्टी रुंद असते, अवतीभवती काच आणि इपॉक्सी असतं, त्यामुळे प्रत्यक्षात हात तोकडे लागतात. किती तोकडे, ते मोजूनच कळतं. शिंप्यासारखं आधी लांब ठेवायचं, मग कापत यायचं. मी ६० पासून सुरुवात केली आणि कातरीने एकेक बोट कापत ५२ वर आलो. उभं बोलणाऱ्याला उभाच ऐकतो. टॉवरची अँटेना उभी असते, म्हणून विमानाचीही उभी हवी, आणि विमानात मीटरभर उंच सरळ जागा एकच, शेपटीचा उभा पंख. जीपीएसचा चौकोनी तुकडा पुढच्या काचेखाली आडवा, त्याला फक्त वरचं आकाश दिसावं लागतं. ट्रान्सपाँडरची, म्हणजे जमिनीवरच्या रडारला विमानाची ओळख सांगणाऱ्या यंत्राची, अँटेना मात्र मी लपवू दिली नाही. ती जेमतेम बोटाएवढी असते, सात सेंटीमीटरची, पण रडारला उत्तर देताना जोरात ओरडते. तिला माणसाच्या सीटखाली ठेवायचं नसतं. ती पोटाखाली, बाहेर.

तांब्याला डाग देतानाची ती पहाट माझ्या बोटांना अजून आठवते. खान्देशातल्या उन्हाळ्यात इपॉक्सीचं काम दिवसा करताच येत नाही. कपात कालवलेलं रेझिन जिथे थंड मुलखात अर्धा तास टिकतं, तिथे आमच्याकडे दहा मिनिटांत गरम होऊन धूर सोडतं आणि कपासकट दगड होतं. म्हणून पहाटे साडेतीनला उठायचं. शेडच्या बाहेर केळीच्या पानांवरून ठिबकचं पाणी टपकत होतं, आत एकच दिवा. फोम आचेला क्षणात वितळतो, म्हणून पट्टीखाली ओल्या फडक्याची घडी धरली होती. राळेचा वास आला, तोच, आप्पांच्या दुकानाचा. कोअॅक्स वायर, म्हणजे मधे तार आणि भोवती जाळी असलेली. तिची आतली तार एका पट्टीला, जाळी दुसऱ्या पट्टीला. वायरवर तीन फेराइटची काळी कडी ओवली, जोडाला अगदी लगटून, बाळाच्या मनगटातल्या मनगट्या असाव्यात तशी. ती कडी नसली तर वायरची बाहेरची जाळीही अँटेना व्हायला बघते आणि सगळा हिशेब बिघडतो. वायर पट्टीला काटकोनात लांब नेली. मीटर लावला. हा मीटर अँटेनेत चिमूटभर लहर सोडतो आणि तिच्यातली किती परत आली ते काट्याने दाखवतो. वाफ्यात सोडलेलं पाणी सरळ पुढे गेलं तर ठीक, पुढे ढेकूळ असेल तर ते मागे फुगतं, तसं. एकास एक म्हणजे सगळं गेलं. दोनाच्या खाली चालतं. माझा काटा १.३ वर उभा राहिला.

भाचा काचेचं कापड घेऊन तयार होता. मी म्हटलं, थांब. पुन्हा मोजलं. पुन्हा १.३. मग जोड भिंगातून पाहिला. वायर हलवून पाहिली. तिसऱ्यांदा मोजलं. तो काही बोलला नाही, पण पूर्वेला उजाडायला लागलं होतं आणि त्याला घाई होती, ते मला दिसत होतं. मला हात काढवेना. आयुष्यभर मी जे केलं ते उघडता येईल असंच केलं. प्रत्येक रेडिओला मागे पुठ्ठ्याचं झाकण असतं, चार स्क्रू. माझा जोड चुकला तर गिऱ्हाईक परत येतो, मी झाकण काढतो, फार तर दोन शब्द ऐकून घेतो. दुरुस्ती करणाऱ्याची हिंमत त्या चार स्क्रूंवर असते. आणि इथे मी एक जोड असा करत होतो ज्याच्यावर झाकण नव्हतंच, सरळ कातडी येणार होती.

ओलं कापड पट्टीवर पसरलं. पांढरं कापड रेझिन प्यायलं की काचेसारखं आरपार होतं. ब्रशने वर-खाली दाबताना तांबं आतून लालसर चमकत होतं, पाण्याखालच्या नाण्यासारखं. मग दुसरा थर. मग तांबं धूसर झालं.

त्यानंतर मुलीच्या बाळंतपणासाठी मी नाशिकला गेलो. परत आलो ती आखाजी, आणि मोठ्या मायचा तो प्रश्न. चार दिवसांनी मी मीटर घेऊन शेडवर गेलो, खरं सांगायचं तर तिचं उत्तर खात्रीने देता यावं म्हणून. शेपटीवर तोवर राखाडी प्रायमर चढला होता. वायर जोडली, काटा वळला आणि चाराच्या पुढे जाऊन थांबला. वायर काढून परत लावली. मीटर दुसऱ्या वायरवर तपासला. मीटर बरोबर होता. चाराच्या पुढे म्हणजे रेडिओ जे बोलेल त्यातलं तिसऱ्या हिश्श्याहून जास्त शेपटीतूनच परत फिरणार. म्हातारी बरोबर होती. कान ऐकत नव्हते.

पुढचा तासभर मी वायरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटाने चाचपत गेलो. भाचा मागे उभा. शेवटी म्हणाला, "मामा, एक सांगायचं राहिलं." शेपटीच्या बिजागरीची कड त्याला नाजूक वाटली होती. कारखान्यातल्या मित्राकडून कार्बनच्या कापडाचा एक पट्टा मिळाला होता, काळा, सुंदर विणीचा, काचेहून कितीतरी ताठ. तो त्याने मी नसताना वरपासून खालपर्यंत आत बसवला होता. माझ्या तांब्यापासून वीतभरही लांब नाही. नकाशात तो नव्हता. "कापडच आहे ना मामा," तो म्हणाला. उरलेला तुकडा बाकावर होता. मी मल्टीमीटरच्या दोन्ही सुया त्यावर टेकवल्या. मीटर वाजला, टीं करून, तारेवर वाजतो तसा. भाच्याचा चेहरा उतरला. पेन्सिलीच्या शिशातून वीज जाते हे शाळेत त्यालाही शिकवलं होतं, पण कापड हातात घेतल्यावर ते कुणाला आठवतं? काच लहरीला वाट देते, कार्बन अडवतो. त्याने माझ्या अँटेनेच्या शेजारी पत्र्याच्या कोठीची एक भिंत उभी केली होती.

मी रागावलो का? रागावलो. पण तो राग त्याच्यावर फार वेळ टिकेना. बाहेर काडी असती, तर वाटेने जाणाऱ्या कुणीही सांगितलं असतं की बाबा, तिच्याजवळ हे काय लावलंस. आत गेलेल्या वस्तूची आठवण ठेवायला कुणीतरी लागतं आणि मी बसवून निघून गेलो होतो. पट्टी इथे आहे, हिच्या हातभर अंतरात काळं कापड, तार, चंदेरी रंग काही आणू नकोस, एवढं पेन्सिलीने त्या फोमवर लिहून ठेवायला मला किती वेळ लागला असता? चंदेरी रंगातही ॲल्युमिनियमची पूड असते, तोही घात करतो. हे मला माहीत होतं. माझ्या डोक्यात होतं, म्हणजे तेही लपलेलंच होतं.

शेपूट उघडावी लागली. हे दोन शब्द लिहायला सोपे आहेत. मेच्या पहिल्या आठवड्यात, ४४ अंशांत, पत्र्याच्या शेडखाली, तोंडाला फडकं बांधून भाच्याने बिजागरीच्या कडेची कातडी हॅक्सॉच्या पात्याने चिरली. काचेची भुकटी घामाने हातावर बसते आणि रात्रभर अंग खाजतं, थंड पाण्यानेही जात नाही. मी टॉर्च धरून उभा होतो. पहिला काप गेला तेव्हा त्याने डोळे मिटले होते, मी पाहिलं. कार्बनचा पट्टा निघता निघेना, इतका पक्का बसला होता. नखाएवढे तुकडे करत दोन रात्री लागल्या. त्याच्या जागी त्याने आकडेमोड करून काचेचेच तीन जास्तीचे थर दिले. मधेच एका जागी वरची कातडी थोडी जास्त निघाली आणि टॉर्चच्या उजेडात माझी पट्टी दिसली. हिरवट काचेखाली तांबं होतं तसं, लालसर, जोडावरचा कथिलाचा थेंब चकाकत होता. कितीतरी वेळ मी टॉर्च तिथून हलवला नाही. तो जोड चांगला होता. कुणाला कधीच दिसणार नव्हता, तरी चांगला होता, आणि तो तसा आहे हे डोळ्याने बघायला मिळालं याचा मला झालेला आनंद त्या सगळ्या खाजेपेक्षा मोठा होता.

या वेळी वरचा थर देण्याआधी भाच्यानेच पेन्सिल माझ्या हातात दिली. मी फोमवर दोन्ही पट्ट्यांच्या कडेने रेघा मारल्या, टोकांवर फुल्या केल्या, ५२ असे दोन आकडे लिहिले, जोडाच्या जागी गोल केला. त्याखाली काय लिहावं सुचेना. शेवटी आप्पा रेडिओच्या पुठ्ठ्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहायचे तसं, तारीख आणि आमच्या दुकानाचं नाव लिहिलं. त्याने त्याचा फोटो काढला, त्यावर ओलं कापड चढवलं आणि सकाळी सहा वाजता आम्ही दोघांनी बांधावर बसून कळण्याची भाकरी आणि ठेचा खाल्ला.

तरीही मी अजून त्याच्या बाजूने पूर्ण झालेलो नाही. रात्री झोप येत नाही तेव्हा वाटतं, आप्पाच खरे. एक काडी पोटाखाली लावली असती, तर दहा वर्षांनी, मी नसताना, धुळ्याच्या कुठल्याही मेकॅनिकने दोन नट सोडवून ती बदलली असती. या लपलेल्या तांब्याला कोण हात लावणार? आणि सकाळी शेडवर जाऊन त्या शेपटीची अखंड पांढरी कड बघितली की हे सगळं विसरायला होतं. दोन्ही खरं आहे. कुठलं जास्त, ते मला ठरवता आलेलं नाही.

गेल्या रविवारी मोठ्या मायला बहिणीने मोटारसायकलवर मागे बसवून आणलं. पाय आता चालू देत नाहीत. मी शेपटीला मीटर जोडून ठेवला होता, काटा १.४ वर होता. पहिल्यापेक्षा एका बोटाने जास्त, पण चांगला. तिला लाकडी खोक्यावर बसवलं आणि मीटर तिच्यासमोर धरला. म्हटलं, मोठी माय, या काट्याकडे बघत रहा आणि शेपटीवरून हात फिरव. तिला आधी पटेना, नव्या रंगाला हात कसा लावायचा. भाचा म्हणाला, लाव गं. तिने काठी मांडीवर आडवी ठेवली आणि उजवा तळवा शेपटीच्या मागच्या कडेला टेकवला. नांगर-वखर धरून, कापूस वेचून भेगाळलेला तळवा, त्या गुळगुळीत रंगावर त्याचा करकर आवाज होत होता. मागच्या कडेला काटा जागचा हलला नाही. ती हळूहळू पुढे आली. चार बोटं. अजून चार बोटं.

काटा थरथरला. ती थांबली. हात उचलला, काटा जागेवर गेला. परत ठेवला, काटा परत वर चढला. तिने हात थोडा वर सरकवला, मग खाली, माझ्या पेन्सिलच्या रेघेवरून तंतोतंत, जणू तिला ती रेघ दिसत होती, आणि सगळा वेळ काटा तिच्या हाताबरोबर हलत राहिला.

"आठे शे," ती म्हणाली. इथे आहे.